निळ्या चौकड्यांचा शर्ट

थंडी पडली आणि आक्काचे अंगठे संपावर गेले. सकाळी उठल्यावर मूठच वळायची नाही. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरायची, आणि गोठ्यात जाऊन कासेखाली बसली की दोन-चार धारांतच कळ कोपरापर्यंत चढायची. तरी ती दात आवळून बसायची, कारण ह्याच हातांवर तिची सगळी ऐट होती. गावात कुणाची गाय दूध चोरायला लागली, लाथा झाडायला लागली, की आक्काला बोलावणं यायचं. ती जायची, गाईच्या पाठीवर हात ठेवून जरा उभी राहायची, आणि एकदा बसली की बादली भरूनच उठायची. आक्काच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणायचे. लोक म्हणायचे म्हणून आक्काही म्हणायची, आणि जरा जास्तच वेळा म्हणायची.

तिचा नवरा, नाना, कमी बोलायचा आणि जे काही बोलायचा ते बहुधा गाईंशी. त्यानं आठवडाभर बादल्या पाहिल्या, अर्ध्या भरलेल्या, आणि एका संध्याकाळी जेवताना म्हणाला, "धरणावरची एक बाई येईल उद्यापासून. धारा काढायला."

"मी मेले का?" आक्का म्हणाली.

"अंगठे गेलेत," नाना म्हणाला आणि पाणी प्यायला.

धरणावरची म्हणजे नदीच्या वरच्या अंगाची. तिकडे धरण झालं, गावं पाण्याखाली गेली आणि तिथली माणसं सरकारनं आणून इथल्या गायरानावर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. गायरान गेलं म्हणून गाव मनातून धुमसत होतं. टपरीवर चहा पिताना लोक त्यांच्याबद्दल तोंड वाकडं करून बोलायचे, पण समोर कुणी आलं की बाकावर सरकून जागाही द्यायचे. तोंडावर बोलायची अजून पद्धत पडली नव्हती.

ती बाई उजाडताना आली. आक्कापेक्षा वयानं लहान, रुंद हाडाची, बोलायला मोजकी. भावाच्या संसारात राहायची. तिनं गाई पाहिल्या, दावणीशी उभी राहिली आणि आक्काला म्हणाली, "आक्का, तुमच्या अंगावरचा तो शर्ट द्याल का मला?"

आक्का धार काढताना नानाचा एक जुना शर्ट अंगात घालायची. निळ्या चौकड्यांचा, कोपरावर ठिगळ लावलेला, शेणाचा आणि दुधाचा वास मुरलेला. घरात कुणी तो आणू द्यायचं नाही, गोठ्यातल्या खुंटीवरच असायचा.

"का गं? तुला थंडी वाजते?"

"गाय माझ्या वासाला बुजेल. तुमच्या वासाला बुजणार नाही. थोडे दिवस घालते, मग देते परत."

आक्कालाही हे ठाऊक होतं. नव्या माणसानं जुन्या माणसाचं कापड घालून बसायचं, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. पण दुसऱ्या कुणी ते मागावं हे काही तिला रुचलं नाही. तिनं शर्ट काढून दिला आणि थंडीत कुडकुडत दाराशी उभी राहिली, बघायला.

तांबडी ही सगळ्यांत खोडकर गाय. आक्काखेरीज कुणाला कासेला शिवू द्यायची नाही. आक्का मनात म्हणत होती, आता बघा, आता लाथ बसते. बाई बसली. कपाळ गाईच्या कुशीला टेकवलं आणि बारीक आवाजात काहीतरी गुणगुणायला लागली, शब्द नसलेलं, वर जाऊन खाली येणारं. तांबडीनं कान मागे टाकले. मग रवंथ सुरू केला. मग बादलीत धारा वाजायला लागल्या, जाड, एकसारख्या, आणि वाजतच राहिल्या.

ओट्यावर सासूबाई ऊन खात बसलेल्या. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं, पण कान शाबूत होते. "सूनबाई," त्या म्हणाल्या, "आज तांबडीनं पान्हा कसा सोडलाय ऐक. तुझ्या हाताला एवढा कधी ऐकला नव्हता मी."

आक्काच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण सासूबाईंना काय बोलणार, त्या नव्वदीच्या.

थोडे दिवस म्हणता म्हणता शर्ट त्या बाईचाच झाला. रोज सकाळ-संध्याकाळ ती तो खुंटीवरून काढायची, बाह्या दुमडायची, कासेखाली बसायची. दूध केंद्रावर दुधाचं माप वाढलं. नाना केंद्रावरून येताना शीळ घालायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला शीळ घालता येते हे आक्काला माहीतच नव्हतं.

बाईला आक्काचे अंगठे दिसले. एक दिवस तिनं कमरेची एक चपटी पत्र्याची डबी काढली. मेण आणि तेल एकत्र कढवून केलेलं मलम होतं. थंडीत गाईच्या सडांना भेगा पडतात, धार काढून झाली की ती हे लावायची. "हात द्या," ती म्हणाली, आणि आक्कानं नाही म्हणायच्या आत तिचा अंगठा आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळायला लागली. हळूहळू सांध्यात ऊब उतरली. आक्काला इतकं बरं वाटलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून भयंकर राग आला. त्यानंतर बाई डबी खुंटीजवळच्या फळीवर ठेवून जायची. आक्का रोज दुपारी, कुणी बघत नाही असं पाहून, अंगठ्यांना चोळून घ्यायची. कुणाला सांगितलं नाही तिनं.

हेही आक्कानं पचवलं असतं. पण एका सकाळी वरच्या आळीची सुतारीण दारात आली. तिची पहिलारू गाय हात लावू देत नव्हती. आक्कानं पदराला हात पुसले, चपला घातल्या.

"तुम्ही कशाला त्रास घेता आक्का," सुतारीण म्हणाली. "तुमचे हात दुखतात. तिला पाठवा ना, तुमच्याकडच्या बाईला. तिच्या हाताला गुण आहे म्हणे."

चपला काढायला आक्काला फार वेळ लागला.

त्या दुपारी ओट्यावर डुलकी घेणाऱ्या सासूबाईंखेरीज घरात कुणी नव्हतं. आक्का खाटेवर पडून फोन चाळत होती. केंद्रवाल्यानं गावातल्या सगळ्या दूध घालणाऱ्यांचा एक ग्रुप केला होता. पेंडीचा ट्रक कधी येणार, केंद्र किती वाजता उघडणार, कुणाचा वाढदिवस, असं चालायचं त्यावर. आक्काला लिहायचा कंटाळा. अंगठा दाबून ती बोलली, बोलताना आवाज अगदी काळजीचा काढला.

"मी आक्का बोलते. एक सांगायचं होतं बायकांना. धरणावरच्या बायका ठेवताय धारांना, तर नजर ठेवा. आमच्याकडची ती डबीवाली, कमरेच्या डबीतलं काय काय सडांना लावते. काय असतं त्यात, देवाला ठाऊक. गाई अशा वेड्या का होतात तिच्यामागं, तेच कळत नाही. आपलं सांगून ठेवलं."

मेणतेलाचा वास तिच्या अंगठ्यांना येत होता तेव्हाही.

लगेच कुणीतरी विचारलं, कोण डबीवाली? आक्कानं संध्याकाळी गोठ्याच्या दारातून एक फोटो काढला. बाई पाठमोरी कासेखाली बसलेली, डोक्याला रुमाल, अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट. चेहरा येऊ दिला नाही. चेहरा नाही म्हणजे आपण कुणाचं नाव घेतलं नाही, असं मनाचं समाधान करून तिनं तो पाठवून दिला, आणि त्या रात्री तिला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

पुढचे दिवस ग्रुपवर आक्काला मान मिळाला. कधी नव्हे ते पुरुषसुद्धा लिहायला लागले, बरं झालं आक्का बोलल्या. मग कुणी लिहिलं, पलीकडच्या गावात वासरू मेलं, डबीवाल्यांचंच काम. कुणी एक व्हिडिओ टाकला, कुठल्यातरी परक्या मुलखातला, बायका दुधात पांढरी पूड ओततात असा. आक्कानं तो तीनदा बघितला आणि तिला वाटलं, असेलही बाई. डबीवाली हा शब्द आता त्या एकीचा राहिला नाही. शेडमधल्या सगळ्या बायका डबीवाल्या झाल्या, पुरुष डबीवाले झाले, शाळेत त्यांची पोरं डबीची झाली. आक्काचा आवाज फोनाफोनांतून फिरून दुसऱ्या गावांहून परत आला, अनोळखी माणसांनी पाठवलेला, खाली लिहिलेलं: ऐका आणि जागे व्हा.

"तू काही बोललीस का ग्रुपवर?" नानानं विचारलं. त्याच्याकडे साधा फोन होता.

"मी काय बोलणार? सगळे जे बोलतात तेच," आक्का म्हणाली.

मग केंद्रवाल्यानं कळवलं, ज्यांच्याकडे डबीवाल्या धारा काढतात त्यांचं दूध वेगळं ठेवलं जाईल. वेगळं ठेवणं म्हणजे काय, ते नानाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याची कॅन कुणी उघडलीच नाही. तो दूध घेऊन परत आला, कॅन अंगणात ठेवली आणि शीळ घातली नाही.

बाई आली तेव्हा आक्काच दारात उभी राहिली. "अगं, आता नको येऊस. लोक ऐकत नाहीत. माझं काही नाही बरं का, पण गाव..."

बाईनं तिच्याकडे पाहिलं. पाहत राहिली. "आवाज ओळखते मी, आक्का," ती म्हणाली, एवढंच. शर्ट खुंटीवर होता, डबी फळीवर होती. ती काहीच न घेता गेली. आक्काला वाटलं होतं की आता जिवाला थंडावा वाटेल. तसं काही झालं नाही.

दोन दिवसांनी नाना बाजारातून आला, पिशवी खाली ठेवली आणि उभाच राहिला. "पुलावर पोरं बसतात ना हल्ली, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायला. काल तिला धरलं. डबी दाखव म्हणाले. नव्हती तर म्हणाले लपवली. हात मुरगाळून पाहिला." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "उजव्या हाताची बोटं मोडलीत."

ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, "कोणाची बोटं?"

आक्का आत जाऊन पीठ मळायला बसली. अंगठे ठणकत होते, तिनं ते ठणकू दिले.

गाईंना यातलं काही सांगता येत नाही. बाकीच्या तिघी कुरकुरत का होईना नानाच्या हाताला लागल्या, पण तांबडी अडून बसली. नानाला लाथ, आक्काला लाथ. कास ताठली, एका सडात गाठ लागली. जनावरांचा डॉक्टर येऊन सुई टोचून गेला आणि म्हणाला, "दूध मोकळं करा. उद्यापर्यंत मोकळं झालं नाही तर हा सड गेला, कदाचित कास गेली." तांबडी म्हणजे घरातलं निम्मं दूध. नाना रात्रभर गरम पाण्याची फडकी कासेला लावत राहिला.

पहाटे धुकं इतकं होतं की गोठ्यातून ओटा दिसत नव्हता. आक्का खुंटीपाशी गेली. शर्ट तिचाच होता, नानाचा म्हणजे तिचाच, पण घालताना तिला दुसऱ्या कुणाच्या कपाटात हात घातल्यासारखं वाटलं. आता त्याला मेणाचा वास होता. तिनं बाह्या दुमडल्या, डोक्याला रुमाल बांधला, डबी खिशात टाकली. कासेखाली बसून कपाळ तांबडीच्या कुशीला टेकवलं. गाय थरथरली.

आणि मग आक्कानं ते केलं जे करायला तिला जिवावर आलं होतं. ती गुणगुणायला लागली. त्या बाईचंच ते, वर जाऊन खाली येणारं. इतके दिवस दारात उभं राहून, जळत जळत, तिनं ते सगळंच्या सगळं पाठ करून ठेवलं होतं. तांबडीनं मान वळवून हुंगलं. कान मागे टाकले. आक्काच्या दुखऱ्या मुठीत सड हळूहळू भरून आला, आणि पान्हा सुटला.

आक्का रडली. गाय वाचली म्हणून रडली, आणि तो पान्हा आपला नाही हे कळलं म्हणूनही रडली. ह्या दोन्हींत मोठं रडू कुठलं, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

गाठीच्या सडाचं दूध तिनं मातीत पिळलं. बाकीच्या सडांचं कॅनमध्ये घेतलं. नाना रात्रभर जागून तिथंच पेंढ्यावर आडवा झाला होता, त्याला तिनं उठवलं नाही. स्वतःच कॅन उचलून केंद्राकडे निघाली. शर्ट काढायचं सुचलंच नाही. किती दिवसांनी तिनं बादली भरली होती, आणि ते केंद्रावर सगळ्यांनी बघावं असं तिला वाटत होतं. एवढं सगळं झालं तरी वाटत होतं.

पुलाच्या अलीकडे धुक्यातून कुणीतरी ओरडलं, "ए डबीवाली!"

शब्द तिनंच घडवला होता, पण तो आपल्या अंगावर कसा येतो ते तिला माहीत नव्हतं. ती वळली, ती रागानं, कुठल्या कार्ट्याला एवढी मस्ती आली ते बघायला. दगड गालाच्या हाडावर बसला. कॅन हातातून सुटून रस्त्यावर आडवी झाली. झाकण घट्ट होतं म्हणून दूध राहिलं.

"अरे, मी ती नाही," आक्का म्हणाली. "मी ती नाही रे."

पोरं जवळ आली. पुढचा सुताराचा थोरला, लहानपणी आक्काच्या ओट्यावर खेळलेला. त्याचं तोंड उतरलं. "आक्का? आई शप्पथ, आम्हाला वाटलं ती. शर्ट फोटोतला दिसला ना." त्यानं कॅन उचलून उभी केली, स्वतःच्या रुमालानं तिचा गाल टिपायला गेला. "चुकलं. माफ करा."

"ती असती तर?"

त्याला प्रश्नच समजला नाही. "ती असती तर काय? ती नाहीच ना." मग तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "तुमचाच व्हॉइस ऐकून तर आम्ही इथं बसायला लागलो, आक्का. तुमच्यासारख्यांसाठीच करतोय हे." त्यानं कॅन केंद्रापर्यंत आणून दिली, तिला उचलू दिली नाही.

केंद्रावर रांग होती. आक्काच्या गालावरून रक्त शर्टाच्या कॉलरवर आलेलं. लोक बाजूला झाले. केंद्रवाला काउंटरवरून वाकून म्हणाला, "हे कुणी केलं? डबीवाल्यांनी?"

आक्कानं खिशातली डबी काढली, झाकण उघडलं आणि सगळ्यांसमोर दोन्ही अंगठ्यांना मलम चोळलं. तिनं घाई केली नाही. "हे मेण आणि तेल आहे. मी रोज लावते, अगदी पहिल्यापासून. बोलले तेव्हाही लावत होते. हे दूध ह्याच हातांनी काढलंय. त्या बाईनं दुधाला काही केलेलं नाही. आणि दगड आपल्याच पोरांनी मारलाय."

मागे कुणीतरी खोकलं. केंद्रवाल्यानं तिची कॅन घेतली, झाकण उघडलं, दूध मापात ओतलं. पांढरी जाड धार सगळ्यांना दिसली.

"तुमची गोष्ट वेगळी आहे, आक्का," तो समजुतीनं म्हणाला. "डोक्याला मार लागलाय, घरी जाऊन पडा जरा. दूध एक नंबर आहे. हाताला गुण आहे तुमच्या."

रांगेतल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. सुतारीणही होती, तीही म्हणाली, "आहेच मुळी."

तेच शब्द, परत मिळालेले. ह्या शब्दांसाठी आक्कानं काय काय केलं होतं. ती रिकामी कॅन तिथंच सोडून बाहेर पडली, आणि घराच्या वळणावर घराकडे न वळता गायरानाच्या वाटेला लागली. बाईला काय म्हणायचं ते तिनं चालता चालता जुळवायला घेतलं. चुकलं, म्हणायचं. शर्ट तुझा आहे, म्हणायचं. तांबडी तुझ्या गाण्याशिवाय पान्हा सोडत नाही, हेही सांगायचं, आणि तेच सगळ्यांत जड जाणार होतं.

शेडपाशी धुकं विरळ झालं होतं. एका पत्र्यावर कुणीतरी डांबरानं डबी काढलेली. दारासमोर लहान मुलगी हातांत काड्या घेऊन खेळत होती. तिला धुक्यातून निळ्या चौकड्या दिसल्या. काड्या टाकून ती धावत सुटली.

"आत्या! आत्याला बरं वाटलं!"

तिनं येऊन आक्काच्या गुडघ्यांना मिठी मारली, शर्टात तोंड खुपसलं. आक्का तशीच उभी राहिली. असं धावत येऊन तिला कुणी कधी मिठी मारली नव्हती, आणि ही मिठीही तिची नव्हती. त्या बाईचा तिला पुन्हा एकदा हेवा वाटला, अगदी आतून, कळवळून.

"अगं बाळ," ती म्हणाली, "तुझी आत्या आत आहे का?"

मुलीनं झटक्यात मान वर केली. चेहऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती आवाज ऐकत होती. तिचे हात सुटले आणि ती एक एक पाऊल मागे सरकली.

"आई," ती आत बघून ओरडली, "मोबाइलमधली बाई आलीये."

आतून एक हात आला आणि मुलीला ओढून घेऊन गेला. पत्र्याचं दार लागलं. कडी घातल्याचा आवाज आला, मग दाराशी काहीतरी जड सरकवल्याचा.

आक्कानं शर्ट काढला, घडी केली, डबी वर ठेवली आणि दाराबाहेर जमिनीवर बसली. थंडी होती. आत कुणीतरी कुणाला तरी हळू बोल म्हणत होतं. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि आपल्याजवळ तोच एक आवाज आहे हे आठवून पुन्हा मिटलं.